जंगल गेलं, हिरवळ राहिली : आपल्या तालुक्यातला वनबदल कसा मोजावा

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्याचं उपग्रहचित्र आज उघडलं तर सगळं हिरवंगार दिसतं. वीस वर्षांपूर्वीचं उघडलं तरी हिरवंगारच दिसतं. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून ‘इथं काही बदललं नाही’ असं म्हणणारा मात्र फसतो. मधल्या काळात ऐन, किंजळ, नाणा, जांभूळ, उंबर असलेल्या मिश्र रानाच्या जागी कितीतरी उतारांवर रबर, काजू आणि अननस आले आहेत. मुंबई उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये या तालुक्यातल्या वृक्षतोडीला मनाई केली आणि २०२४ मध्ये सावंतवाडी-दोडामार्ग पट्टा पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करण्याचे निर्देश दिले. असे वाद कोर्टात, ग्रामसभेत किंवा वर्तमानपत्रात आले की पहिला प्रश्न एकच असतो : नेमकं किती जंगल गेलं, कधी गेलं आणि त्या जागी काय आलं?

हे उत्तर मोकळ्या साधनांनी काढता येतं. एक संगणक, बरं इंटरनेट, एक मोजपट्टी आणि पायपीट करायची तयारी एवढं पुरतं. पर्यावरणशास्त्राचे विद्यार्थी, निसर्गमंडळं, गावातल्या जैवविविधता समित्या अशा सगळ्यांना ही पद्धत वापरता यावी म्हणून ती क्रमानं मांडतो. उदाहरण दोडामार्गचं घेतो, पण थोड्या फरकानं ती भोर, मुळशी, शहापूर किंवा गोव्यातल्या सत्तरीलाही लागू पडेल.

आधी प्रश्न नेमका करा

जंगलाला बसलेला धक्का आणि जमिनीचा बदललेला वापर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. वणवा लागला, वादळानं झाडं पडली, दरड कोसळली, लाकडासाठी तोड झाली, तर तो धक्का. जागा तशीच सोडली तर काही वर्षांत रान पुन्हा उभं राहतं. त्याच जागी जेसीबीनं पायऱ्या खोदून रबर लावलं, तर तो वापरातला बदल. ते रान आपोआप परत येत नाही. तिसरा प्रकार सगळ्यात कमी दिसणारा : हळूहळू होणारी झीज. कोकणात भाताच्या तरव्यासाठी, म्हणजे रोपांच्या वाफ्यासाठी, राब भाजायला ऐन-किंजळाची कवळं (पानांच्या फांद्या) तोडतात, गुरं कोवळी रोपं खातात, दरवर्षी गवत पेटतं. वरून झाडांचं छत्र शाबूत दिसतं आणि खाली नवीन झाडच उगवत नाही.

कागदावर एका वाक्यात लिहा : ‘२००० ते २०२४ या काळात अमुक हद्दीत नैसर्गिक जंगलाचं बागायतीत किती रूपांतर झालं?’ त्या वाक्यात काळ, हद्द आणि ‘कशाचं काय झालं’ हे तिन्ही हवं. ‘जंगलाचा ऱ्हास’ असा सैल विषय घेतला तर सहा महिन्यांनी हातात रंगीत नकाशे असतील, उत्तर नसेल.

जंगल कशाला म्हणायचं ते लिहून ठेवा

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८७ पासून दर दोन वर्षांनी देशाच्या वनस्थितीचा अहवाल काढते. तिच्या व्याख्येत एक हेक्टर किंवा त्याहून मोठं, १० टक्क्यांहून जास्त छत्र असलेलं कोणतंही क्षेत्र वनाच्छादन ठरतं. मालकी कुणाची, झाडं कोणती, हे त्यात बघितलं जात नाही. म्हणजे काजूची बाग, बांबूचं बेट, आंब्याची राई, रबराचा मळा हे सगळं त्यात बसतं. ७० टक्क्यांवर छत्र असेल तर अतिघन, ४० ते ७० मध्यम, १० ते ४० विरळ. २०२१ च्या अहवालात महाराष्ट्राचं वनाच्छादन सुमारे ५०,८०० चौ. किमी, म्हणजे राज्याच्या साडेसोळा टक्के आहे; गोव्याचं ६० टक्क्यांच्या वर. देशभर एकाच मापानं तुलना करायला ही व्याख्या उपयोगी आहे. पण आपल्या प्रश्नाला ती चालत नाही, कारण ज्या बदलाचा शोध घ्यायचा तोच तिच्यात लपतो.

म्हणून आपले वर्ग वेगळे करा. दक्षिण कोकणासाठी माझी शिफारस अशी : सदाहरित व निमसदाहरित रान, पानझडी रान, झुडपी रान व पडीक, काजू, रबर, इतर बागायत, सडा (जांभ्याचं उघडं पठार), गवत व उघडी जमीन, पाणी, वस्ती. प्रत्येक वर्गाची दोन ओळींत व्याख्या लिहा. देवराई वेगळा वर्ग करू नका, पण तिची हद्द नकाशावर वेगळी ठेवा. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला. तोड न झालेलं रान त्या भागात कसं दिसतं हे दाखवणारी ती जागा आहे, आणि पुढे संदर्भ म्हणून तिचा फार उपयोग होतो.

चित्रं निवडणं : इथं घाई नको

अमेरिकेचा लँडसॅट उपग्रह १९७२ पासून पृथ्वीची चित्रं घेतो आहे. ३० मीटरच्या पिक्सेलची चित्रं १९८४ च्या लँडसॅट-५ पासून मिळतात, आणि २००८ पासून ती सगळी मोफत आहेत. युरोपचा सेंटिनेल-२ हा २०१५ पासून १० मीटरची चित्रं देतो. त्याचा जोड उपग्रह २०१७ मध्ये आल्यापासून दर पाच दिवसांनी. एका हेक्टरात सेंटिनेलचे १०० पिक्सेल बसतात, लँडसॅटचे जेमतेम ११. कोकणातल्या शेताचे लहान तुकडे पाहता हा फरक मोठा आहे.

काही खाचखळगे आधीच माहीत असू द्या. मे २००३ मध्ये लँडसॅट-७ चं एक उपकरण बिघडलं, त्यानंतरच्या त्याच्या चित्रांत रिकामे पट्टे आहेत. लँडसॅट-५ चं चित्रीकरण नोव्हेंबर २०११ मध्ये थांबलं आणि लँडसॅट-८ फेब्रुवारी २०१३ मध्ये गेला, त्यामुळे २०१२ सालासाठी लँडसॅटमधली पट्ट्यांचीच चित्रं हाती लागतात. सेंटिनेल-२ च्या आकडेमोडीत २५ जानेवारी २०२२ पासून एक स्थिर वाढ घातली गेली. गूगल अर्थ इंजिन या उपग्रहचित्रं हाताळायच्या ऑनलाइन सेवेवर ‘हार्मोनाइज्ड’ नावाचा संग्रह निवडला तर ती दुरुस्त होऊन येते. हे न पाहता २०२१ आणि २०२३ ची तुलना केली तर सगळ्या तालुक्यात खोटा बदल दिसेल.

आता ऋतू. जून ते सप्टेंबर ढगच असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आकाश मोकळं होतं, पण तेव्हा गवत, रानमोडीचं तण, भात सगळंच हिरवं असतं आणि झाड कुठलं ते कळत नाही. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि उपग्रह सकाळी साडेदहाच्या आसपास जातो, त्यामुळे सह्याद्रीचे वायव्येकडचे तीव्र उतार सावलीत बुडतात. तिथं गडद पिक्सेल पाहून घनदाट जंगल समजण्याची चूक सहज होते.

दोडामार्गसारख्या ठिकाणी मी दोन वेळांची चित्रं घ्यायला सांगेन : जानेवारीचा उत्तरार्ध आणि एप्रिलचा मध्य. रबराची पानगळ साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत होते आणि लगेच नवी पालवी येते. ऐन, किंजळ, नाणा यांची पानगळ त्यानंतर, उन्हाळ्याकडे. जांभूळ, अंजनी, काजू वर्षभर हिरवे. म्हणजे जानेवारीत ओकं आणि एप्रिलमध्ये हिरवं ते बहुधा रबर. जानेवारीत हिरवं आणि एप्रिलमध्ये ओकं ते पानझडी रान. दोन्ही वेळी हिरवं ते सदाहरित रान किंवा काजू. नुसत्या डोळ्यांना एकसारख्या दिसणाऱ्या हिरव्यातून या दोन तारखा तीन गट वेगळे काढून देतात. पानगळीची वेळ दरवर्षी आठवडा-दोन आठवडे मागेपुढे होते, म्हणून एकाच तारखेवर न विसंबता त्या पंधरवड्यातल्या सगळ्या ढगविरहित चित्रांची मध्यगा (क्रमानं लावल्यावर मधोमध येणारं मूल्य) काढा.

काजू आणि सदाहरित रान यांचा गुंता एवढ्यानं सुटत नाही. तिथं गूगल अर्थवरची जुनी उच्च-दर्जाची चित्रं बघा : काजूची छत्रं गोलसर, साधारण सारख्या अंतरावर, मधे जमीन, रानाची छत्रं लहानमोठी, एकमेकांत घुसलेली. हे काम डोळ्यांनी करावं लागतं आणि त्याला पर्याय मला दिसत नाही.

बदल शोधणं

दोन सूत्रं पुरेशी आहेत. एनडीव्हीआय म्हणजे निकट-अवरक्त आणि लाल या प्रकाशपट्ट्यांतल्या फरकाला त्यांच्या बेरजेनं भागायचं. सेंटिनेल-२ मध्ये पट्टा ८ आणि ४. एनबीआर म्हणजे तसंच, पण लालऐवजी लघुलहरी-अवरक्त, पट्टा १२. पहिलं सूत्र हिरवेपणा सांगतं, दुसरं पानांतला ओलावा आणि उघडी पडलेली माती. घनदाट छत्रावर एनडीव्हीआय ०.८ च्या पुढे जवळपास अडून बसतो, त्यामुळे दाट जंगल थोडं विरळ झालं तरी तो हलत नाही. तोड आणि वणव्यासाठी एनबीआर जास्त विश्वासाचा.

सुरुवातीचं आणि शेवटचं अशी दोनच वर्षं तुलनेला घेणं ही या विषयातली सगळ्यात मोठी चूक. बागायत कशी उभी राहते ते बघा. जानेवारी ते मे या काळात रान तोडलं जातं, पेटवलं जातं, यंत्रानं पायऱ्या काढल्या जातात. पहिल्या पावसाबरोबर लागवड होते, ओळींमधे अननस येतो. एक-दोन उन्हाळे माती उघडी दिसते, मग हिरवं होतं, आणि काही वर्षांत हिरवेपणाचा आकडा पूर्वीच्या रानाइतका होतो. २००५ आणि २०२० ही दोनच चित्रं घेतली तर हा सगळा प्रकार मधल्या मधे हरवतो. म्हणून प्रत्येक वर्षाचं उन्हाळी एनबीआर काढा आणि प्रत्येक पिक्सेलची आलेखरेषा पाहा. अचानक खाली कोसळून पाच-सहा वर्षांत वर आलेली रेषा म्हणजे तोड आणि लागवड, किंवा तोड आणि नैसर्गिक पुनर्वाढ. एखाद्या उन्हाळ्यात थोडी खाली जाऊन पुढच्याच उन्हाळ्यात वर येणारी म्हणजे पानगळीची मागेपुढे झालेली वेळ किंवा गवताचा वणवा. वर्षानुवर्षं हळू उतरणारी म्हणजे झीज. लँडट्रेंडर नावाची पद्धत हेच काम आपोआप करते आणि अर्थ इंजिनवर तयार आहे. अर्थ इंजिन अव्यावसायिक वापरासाठी मोफत आहे, नोंदणी करावी लागते. संगणकावर नकाशे जुळवायला क्यूजीआयएस हे मोफत नकाशा-सॉफ्टवेअर पुरतं.

मेरिलँड विद्यापीठाचा जागतिक वृक्षछत्र-घटीचा नकाशा अनेक जण थेट उचलतात. पहिली झलक म्हणून तो चांगला आहे. पण त्यात पाच मीटरहून उंच कोणतीही वनस्पती झाड धरली जाते, त्यामुळे जुन्या काजूची तोडही ‘घट’ म्हणून येते. शिवाय त्याची पद्धत मधे सुधारली गेली आहे, म्हणून जुन्या आणि नव्या वर्षांच्या आकड्यांची सरळ तुलना करून ‘तोड वाढली’ असं लिहू नका.

वणव्यांसाठी नासाच्या फर्म्स संकेतस्थळावर रोजच्या आगीचे ठिपके मिळतात, व्हिअर्स या उपग्रहावरच्या उपकरणाचे, ३७५ मीटरचे. लहान, झटपट विझणारी आग त्यात सुटते. तरी कोणत्या महिन्यात कोणत्या पट्ट्यात आगी लागतात याचा अंदाज पक्का येतो.

नकाशा खरा किती? ही पायरी गाळू नका

संगणकानं रंगवलेला नकाशा म्हणजे अंदाज. त्याचे पिक्सेल मोजून ‘इतके हेक्टर गेले’ असं जाहीर करणं बरोबर नाही. तपासणीसाठी ठिकाणं काढा : प्रत्येक वर्गातून यादृच्छिक पद्धतीनं, म्हणजे संगणकाला काढू द्या. रस्त्याकडेची, सोयीची ठिकाणं निवडलीत तर नकाशा आहे त्यापेक्षा चांगला वाटेल. प्रत्येक ठिकाणी उच्च-दर्जाची जुनी चित्रं आणि शक्य तिथं प्रत्यक्ष भेट यांवरून खरं काय ते ठरवा. ठरवणाऱ्यानं नकाशाचं उत्तर आधी पाहायचं नाही. दोघांनी स्वतंत्रपणे ठरवून मग ताडून पाहिलं तर उत्तम.

समजा, केवळ समजण्यासाठी, अभ्यासक्षेत्र १०,००० हेक्टरचं आहे. नकाशा म्हणतो ५०० हेक्टर बदललं, ९,५०० तसंच राहिलं. ‘बदललं’ मधली १०० ठिकाणं तपासली, ८० खरी निघाली. ‘तसंच’ मधली २०० तपासली, त्यात ६ ठिकाणी प्रत्यक्षात बदल झालेला होता, म्हणजे ३ टक्के. आता हिशोब : ५०० चे ८० टक्के म्हणजे ४००, ९,५०० चे ३ टक्के म्हणजे २८५. खरा अंदाज ६८५ हेक्टर. नकाशावर ५०० दिसत होते. आणि नमुना लहान असल्यानं या ६८५ ला दोन्ही बाजूंना सुमारे २३० हेक्टरची अनिश्चितता आहे. तीही आकड्यासोबत छापायची.

दुसऱ्या वर्गातल्या फक्त सहा चुकांनी उत्तर एवढं हललं, याकडे लक्ष द्या. ‘काही झालं नाही’ असं नकाशा ज्या मोठ्या क्षेत्राबद्दल सांगतो, तिथंच जास्त ठिकाणं तपासायची असतात. लोक नेमकं उलटं करतात, कारण बदललेल्या जागा पाहणं जास्त आकर्षक वाटतं.

रानात उतरल्यावर

परवानगी आधी. राखीव वनात वनक्षेत्रपालांना लेखी कळवा. अभयारण्यात संशोधनासाठी वनविभागाच्या वन्यजीव शाखेची रीतसर परवानगी लागते. खासगी जमिनीत मालकाला विचारूनच पाऊल टाका. दोडामार्ग परिसरात हत्तींचा वावर आहे, तेव्हा एकट्यानं आणि पहाटे-संध्याकाळी फिरू नका. सोबत गावातला वाटाड्या असावा आणि त्याला कामाचे पैसे द्यावेत.

नमुना-क्षेत्र गोल घेणं सोपं : मधे खुंटी, १० मीटर दोरी, क्षेत्रफळ ३१४ चौ. मीटर. त्यातल्या ३० सेंमीहून जास्त घेर असलेल्या प्रत्येक खोडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर मोजा. उतारावर वरच्या बाजूनं उभं राहून मोजा. घेराच्या वर्गाला १२.५७ नं भागलं की खोडाच्या छेदाचं क्षेत्रफळ मिळतं. ९४ सेंमी घेराला ७०३ चौ. सेंमी. सगळ्यांची बेरीज करून ३१.८ नं गुणलं की हेक्टरी आकडा. झाडाचं स्थानिक नाव तिथंच लिहून घ्या, शास्त्रीय नाव नंतर नमुना पाहून.

पण मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन तो जमिनीलगतच्या खुणांवर. तोडलेल्या झाडांची थोटकं मोजा, आणि ताजं की जुनं तेही लिहा. एकाच बुंध्यातून आलेले फुटवे किती आहेत पाहा. बहुतेक झाडं फुटव्यांचीच असतील तर ते रान पूर्वी तोडून वाढू दिलेलं आहे. खोडाच्या चढाकडच्या बाजूला काळा व्रण म्हणजे वणवा. फांद्या खालपासून शेंड्यापर्यंत छाटलेल्या म्हणजे राबासाठी कवळतोड. शेणाचे पो, गुरांच्या वाटा. रानमोडी आणि घाणेरी किती टक्के जमीन व्यापतात. शेवटी रोपं : मोठ्या झाडांत अंजनी, जांभूळ, हिरडा आहेत पण गुडघाभर उंचीची त्यांची रोपं नाहीत, तर त्या रानाला पुढची पिढी नाही. उपग्रहाला हे कधीच दिसणार नाही, आणि माझ्या मते संपूर्ण अभ्यासातला हा सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे. जवळच्या देवराईत हीच मोजणी करा. तिच्याशी तुलना केल्याशिवाय या आकड्यांना अर्थ येत नाही.

प्रत्येक नमुना-क्षेत्राच्या मध्यातून चारही दिशांना आणि सरळ वर असे पाच फोटो घ्या. जीपीएसचा स्थानांक दाट छत्राखाली पाच-दहा मीटरनं हलतो, म्हणून पाच मिनिटं थांबून नोंद घ्या.

गावाची आठवण हाही पुरावा

आज दिसणारं सगळं रान जुनं नसतं. कोकणातल्या कितीतरी वरकस, म्हणजे हलक्या जमिनीच्या, उतारांवर पूर्वी नाचणी, वरी पिकायची. माणसं मुंबईला गेली, शेतं सुटली, तिथं रान आलं. म्हणजे तालुक्यात एका बाजूला तोड आणि दुसऱ्या बाजूला वाढ एकाच वेळी चालू असते. फक्त तोडीचा नकाशा काढणं अर्धवट आहे. वयस्क बायका आणि गुराखी यांना विचारा : या उतारावर शेवटचं पीक कधी काढलं? मध कुठं मिळायचा? पाण्याचा झरा कधीपर्यंत टिकायचा? ‘जंगल कुणी तोडलं’ असा प्रश्न कधीच विचारू नका. त्यानं खरं उत्तर मिळत नाही आणि गावात भांडणं लागतात.

त्या आठवणी ताडून पाहायला अमेरिकेच्या कोरोना हेरगिरी-उपग्रहांची १९६० च्या दशकातली कृष्णधवल छायाचित्रं आहेत. ती १९९५ मध्ये खुली झाली आणि अमेरिकी भूसर्वेक्षणाच्या अर्थएक्सप्लोरर संकेतस्थळावर शोधता येतात. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशेही जोडीला घ्या. १९६० च्या दशकात मोकळा असलेला उतार आज दाट दिसत असेल तर तिथलं रान त्या छायाचित्रानंतरचं आहे, हे पक्कं.

निष्कर्ष लिहिताना

आकडा द्या, अनिश्चितता द्या, चित्रांच्या तारखा द्या, वर्गांच्या व्याख्या द्या. कारणांबद्दल जपून लिहा : रबर वाढलं हे नकाशा दाखवतो, ते बाजारभावामुळे, अनुदानामुळे की मोठ्या खरेदीदारांनी जमिनी घेतल्यामुळे, हे वेगळ्या अभ्यासाचं काम आहे. सातबारा आणि गावनकाशा जोडून वैयक्तिक मालकांचे तुकडे जाहीर करू नका. सिंधुदुर्गात खासगी वनं, वनसंज्ञा (सातबाऱ्यावर वन म्हणून नोंदलेली जमीन), आकारीपड (शेतसारा थकल्यानं सरकारजमा झालेली) जमीन यांचे प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळत आहेत; तुमचा नकाशा एखाद्या लहान शेतकऱ्याविरुद्ध वापरला जाऊ शकतो. प्रसिद्धीसाठी गाव किंवा पाणलोट या पातळीवर बेरीज द्या. दुर्मीळ झाडांचे आणि प्राण्यांच्या वाटांचे नेमके स्थानांकही गाळा.

नकाशाची मराठीत छापलेली मोठी प्रत ग्रामसभेत लावा आणि चुका दाखवायला सांगा. लोक बोट ठेवून सांगतात की हे रान नव्हे, हा अमक्याचा जुना काजू. त्या दुरुस्त्या वेगळ्या रंगानं नोंदवा आणि नकाशात घाला. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, तिची लोक जैवविविधता नोंदवही असते. तुमचे नमुना-क्षेत्रांचे तक्ते, फोटो आणि स्थानांकांची मूळ यादी त्या समितीकडे, प्रसिद्ध न करण्याच्या अटीवर, जमा करा. खुंट्यांच्या जागा नीट लिहून ठेवल्या तर पाच वर्षांनी दुसरा कुणीही येऊन त्याच १० मीटरच्या वर्तुळात तीच खोडं पुन्हा मोजू शकेल.